संशोधनाचे कारभारी

एखादा मोठा संशोधनग्रंथ हाती आला म्हणजे आपण मुखपृष्ठावरील नाव वाचतो आणि फार झाले तर प्रस्तावना चाळतो. तो ग्रंथ सिद्ध व्हावा म्हणून पैसा कोणी मागितला, मिळालेल्या पैशाचा हिशेब कोणी ठेवला, दूरदूरच्या गावांहून पोथ्या कोणी आणविल्या आणि ठरल्या दिवशी परत कोणी पाठविल्या, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. देवळाचा कळस दुरून दिसतो, चौथरा पाहण्यासाठी मात्र जवळ जाऊन खाली वाकावे लागते. आजच्या व्याख्यानात आपण त्या चौथऱ्याकडे पाहणार आहोत. संशोधकाला संशोधन करता यावे म्हणून जी माणसे अर्ज, पत्रव्यवहार, नोंदी, जपणूक आणि जमाखर्च सांभाळतात, त्यांना मी संशोधनाचे कारभारी म्हणतो. या कारभाऱ्यांना त्यांचे काम कोण शिकविते, पूर्वी कोण शिकवीत असे, आणि न शिकविल्यास काय होते, हा आजचा प्रश्न आहे.

हा विषय रत्नागिरीत काढण्यास एक खास कारण आहे. महाराष्ट्रातील संघटित संशोधनाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यात ही कारभाऱ्याची बाजू उचलून धरणारी तीन मोठी माणसे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने दिली आहेत. मालवणचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर, गोविलचे गोविंद सखाराम सरदेसाई आणि देवरुखचे परशुराम कृष्ण गोडे. पहिल्या दोघांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. तिसरे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ते का नाही हेच आजच्या विषयाचे मर्म आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. कारभार हा शब्द आपल्याला परका नाही. पेशव्यांच्या पुण्यात हुजूर दप्तर होते. फडावर कारकून बसत, रोजकीर्द लिहीत, परगण्यांचे ताळेबंद तयार करीत. या कारकुनांसाठी शाळा नव्हती. मुलगा बापाच्या किंवा चुलत्याच्या मागे फडावर जाई, उमेदवारी करी, मोडी अक्षर घोटी, मायने पाठ करी आणि चारसहा वर्षांनी स्वतः लिहू लागे. नाना फडणिसांच्या काळी हे दप्तर उत्तम स्थितीत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या अमलात त्याकडे दुर्लक्ष झाले. कारकुनांची जुनी व्यवस्था मोडली, आणि १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहणी केली तेव्हा त्या काळातील नोंदी विस्कळीत आढळल्या. एकाच दप्तराच्या या दोन अवस्था आहेत. पहिली सांगते की शिकलेला कारकून बसला असेल तर शंभर वर्षांनी इतिहासकाराला साधन मिळते. दुसरी सांगते की तो कारकून उठला की इतिहासालाच भगदाड पडते. त्या भगदाडाची किंमत ज्याने माणसे कमी केली त्याला द्यावी लागत नाही. ती पुढच्या पिढ्या देतात.

आता भांडारकरांकडे वळू. त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. मालवण त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपलेच होते. त्यांचे शालेय शिक्षण रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत झाले, आणि पुढे १८६५ च्या सुमारास त्याच गावी ते हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून आले. संस्कृत पंडित, समाजसुधारक, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू अशी त्यांची ओळख आपण करून देतो. येथे त्यांच्या एका वेगळ्या कामाकडे लक्ष वेधावयाचे आहे. मुंबई इलाख्यात सरकारी खर्चाने संस्कृत हस्तलिखिते जमविण्याचे काम १८६६ मध्ये सुरू झाले होते. १८६८ साली हिंदुस्थान सरकारने सबंध देशासाठी अशी योजना आखली. मुंबई इलाख्यात ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि भांडारकर यांनी हे काम पुढे नेले.

हा सार्वजनिक पैसा होता. तो खर्च करणाऱ्याने काय घेतले, कोठून घेतले, त्यात नवे काय सापडले, हे सरकारास आणि विद्वानांस सांगणे भाग होते. त्यासाठी भांडारकरांनी हस्तलिखितांच्या शोधाचे अहवाल लिहिले. १८८० ते १९०० या काळात ते प्रसिद्ध झाले. अहवाल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कंटाळवाणा सरकारी कागद येतो. भांडारकरांच्या अहवालांत पोथ्यांच्या याद्या आहेतच. पण प्रत्येक महत्त्वाच्या पोथीवरून ग्रंथकाराचा काळ, राजवंशाची माहिती, संप्रदायाचा इतिहास असे जे जे निघते ते त्यांनी काढून दाखविले आहे. वैष्णव आणि शैव संप्रदायांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना ते अहवाल पुढे अनेक वर्षे उपयोगी पडले. दिलेल्या पैशाचा जाब देण्याचा कागदसुद्धा ज्ञानाचा ग्रंथ होऊ शकतो, हा पहिला धडा होय.

भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. हस्तलिखितांचा सरकारी संग्रह १८७८ पासून डेक्कन कॉलेजात होता. तो १९१८ मध्ये या नव्या संस्थेच्या स्वाधीन झाला. सुमारे वीस हजार पोथ्या, त्यांच्या सांभाळासाठी सरकारी अनुदान, आणि मुंबई संस्कृत ग्रंथमालेचे प्रकाशन असा मोठा पसारा एका खासगी संस्थेकडे आला. याच सुमारास महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचा संकल्प झाला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाख रुपयांचे अभिवचन दिले आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते या कामाचा आरंभ झाला.

संकल्प करणे सोपे होते. पुढचा हिशेब पाहा. काम पुरे झाले १९६६ साली, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी. त्या अवधीत १,२५९ हस्तलिखिते पाहण्यात आली. ती शारदा, देवनागरी, बंगाली, मैथिली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांत होती. नारायण बापूजी उतगीकरांनी १९२३ मध्ये विराटपर्वाचा एक नमुना विद्वानांच्या अभिप्रायासाठी छापला. १९२५ मध्ये विष्णू सीताराम सुकठणकर प्रमुख संपादक झाले आणि १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले. सुकठणकर १९४३ मध्ये वारले. त्यांच्यामागे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. संपादक बदलले, राज्य बदलले, औंध संस्थानही उरले नाही, तरी काम थांबले नाही. असे का झाले?

त्याचे उत्तर पाठभेद नोंदविणाऱ्या खोलीत आहे. सुकठणकरांनी आदिपर्वाच्या प्रास्ताविकात या कामाची रीत स्वच्छ सांगितली आहे. उभ्याआडव्या रेघा आखलेला फुलस्केप कागद घ्यावयाचा. वरच्या ओळीवर गणपत कृष्णाजींच्या मुंबई प्रतीतील एक श्लोक चरणाचरणाने लिहावयाचा. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ. ज्या अक्षरापाशी फरक असेल, नेमक्या त्याच अक्षराखाली तो फरक लिहावयाचा. उजव्या हाताला चार इंच रुंदीचा रकाना मोकळा ठेवावयाचा. त्यात दुरुस्त्या, समासातील मजकूर आणि अधिक श्लोक यांची नोंद. अधिक मजकूर फार लांब असेल तर तो वेगळ्या कागदावर लिहून त्याला जोडावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका गटाने केलेली नोंद दुसऱ्या गटाने तपासल्यावाचून ती संपादकापुढे जावयाची नाही.

हे काम करणारे लोक शास्त्री होते आणि विद्यापीठाचे पदवीधरही होते. त्यांना या कामासाठी मुद्दाम तयार करण्यात आले होते. दक्षिणेकडील पोथ्यांसाठी तंजावरला आणि बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात वेगळी केंद्रे उघडण्यात आली. तिन्ही ठिकाणची पाने पुण्यात एकत्र आली तर ती एकमेकांशी जुळली पाहिजेत. म्हणून तिन्ही ठिकाणच्या माणसांची रीत एक असणे आवश्यक होते. शास्त्रीबुवांची विद्वत्ता येथे पुरी पडत नव्हती. एखाद्या विद्वानाला पोथीत उघड चूक दिसली की ती सुधारून लिहिण्याचा मोह होतो. या खोलीत तो मोह आवरावयास शिकावे लागे. पोथीत आहे तेच लिहावयाचे, चूक असली तरी चूकच लिहावयाची. संपादक मरण पावला तरी काम मरू नये याची व्यवस्था अशा शिस्तीत होती. नवा संपादक आला तेव्हा त्याच्यापुढे आखलेले, भरलेले, तपासलेले कागद तयार होते.

पैशाची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. औंधच्या अभिवचनाखेरीज मुंबई सरकार, मुंबई विद्यापीठ, बडोदे, म्हैसूर, हैदराबाद अशा अनेक दारांतून या कामाला साहाय्य आले. प्रत्येक दात्याचे नियम वेगळे, मुदत वेगळी, अपेक्षा वेगळी. एकाला वर्षाचा अहवाल हवा, दुसऱ्याला छापलेला भाग हवा, तिसऱ्याला फक्त उचित आभार हवेत. हे सारे सांभाळणारा कोणी नसेल तर संपादकाचा दिवस पत्रे लिहिण्यात जातो आणि पोथी तशीच पडून राहते.

आता देवरुखच्या गोडे यांच्याविषयी. परशुराम कृष्ण गोडे यांचा जन्म ११ जुलै १८९१ रोजी देवरुख येथे झाला. १९१९ मध्ये ते भांडारकर संस्थेत क्युरेटर म्हणून रुजू झाले आणि २८ मे १९६१ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्याच पदावर राहिले. क्युरेटर या शब्दाला आपल्याकडे सोपा प्रतिशब्द नाही. ग्रंथपाल म्हटले तर कमी पडते आणि संग्रहपाल म्हटले तरी अर्धेच येते. पोथ्या जपणे, त्यांच्या सूच्या करणे, देशोदेशीच्या अभ्यासकांना त्या नियमाने पुरविणे आणि वेळेवर परत मागणे, येणाऱ्या प्रत्येक चौकशीचे उत्तर देणे, संस्थेच्या त्रैमासिकाच्या संपादनात हात घालणे, हे सगळे त्या एका शब्दात मावते. सरकारी हस्तलिखितसंग्रहाच्या वर्णनात्मक सूचीतील अलंकार, संगीत आणि नाट्य या विषयांचा खंड त्यांनी तयार केला. तो १९३६ साली निघाला. त्यानंतर काव्यविषयक पोथ्यांची सूचीही त्यांनी केली.

सूची म्हणजे काय? एका पोथीची पाने मोजावयाची, ओळी मोजावयाच्या, आरंभ आणि शेवट उतरून घ्यावयाचा, लेखनकाळ असेल तर तो शकावरून किंवा संवतावरून काढावयाचा, लेखकाचे नाव, गावाचे नाव, मालकाचे नाव टिपावयाचे. मग दुसरी पोथी, मग तिसरी. हजार पोथ्यांनंतर माणूस एकतर यंत्र होतो किंवा गोडे होतो. गोडे यांनी याच रोजच्या कामातून चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. तंबाखू हिंदुस्थानात केव्हा आली, कागद चीनमधून येथे कसा आला, चष्मा केव्हापासून वापरात आहे, शोभेच्या दारूचा इतिहास काय, मेंदी, नथ, बैलगाडी यांचे जुने उल्लेख कोठे मिळतात, असे साध्या जीवनाचे प्रश्न त्यांनी पोथ्यांना विचारले. महाभारताचा टीकाकार नीलकंठ चतुर्धर याच्या घराण्याची आणि वंशजांची माहिती त्यांनी शोधली. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अश्वमेध केला होता याचे पुरावे त्यांनी मांडले. एखाद्या ग्रंथकाराचा काळ दोनशे वर्षांच्या घोळातून काढून वीस वर्षांच्या आत आणून ठेवणे ही त्यांची हातोटी होती.

येथे थांबून विचार करू. गोडे यांच्या निबंधांचे खंड निघाले, १९६० मध्ये त्यांच्या गौरवार्थ ग्रंथही निघाला. पण त्यांच्या चौकशीच्या उत्तरावर ज्यांचे ग्रंथ उभे राहिले, त्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर गोडे नाहीत. ते प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात, आभारांच्या ओळीत आहेत. कारभाऱ्याची जागा बहुधा तेथेच असते. रत्नागिरीत भांडारकर, टिळक, काणे यांची नावे पोरासोरांना ठाऊक असतात आणि देवरुखच्या गोड्यांची ओळख करून द्यावी लागते, याचे कारण हेच. गोडे यांच्यापासून दुसरा धडा असा घ्यावयाचा की, ज्याला संशोधन म्हणजे काय हे स्वतः करून कळले आहे, तोच दुसऱ्याच्या संशोधनाची खरी सेवा करू शकतो. त्यांनी पोथी पुरविताना केवळ क्रमांक पुरविला नाही. विचारणाऱ्याला काय हवे आहे हे त्यांना उमगत होते, कारण तो शोध त्यांच्याही अंगवळणी पडला होता.

तिसरे सरदेसाई. त्यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला आणि त्यांचे शिक्षण रत्नागिरीच्या हायस्कुलात झाले. १८८९ पासून १९२५ पर्यंत त्यांनी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी नोकरी केली. मराठी रियासत त्यांनी त्या नोकरीतून वेळ काढून लिहिली. निवृत्तीनंतर, वयाची साठी उलटल्यावर, मुंबई सरकारने त्यांच्याकडे पेशवे दप्तरातील निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे काम सोपविले. सुमारे पस्तीस हजार रुमाल, बहुतेक मोडी, आणि मुदत मोजकी. त्यांनी मदतनिसांचा एक छोटा ताफा जमविला, त्यांच्याकडून रुमाल उलगडविले, वाचविले, नकला करविल्या, आणि १९३० ते १९३४ या अवधीत पंचेचाळीस खंड छापून काढले. शिवाय १९३३ मध्ये त्या दप्तराची एक मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला कोणता कागद कोठे सापडेल हे कळावे.

या कामावर टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. निवड घाईने झाली, कागदांची काळानुसार मांडणी नीट नाही, महत्त्वाचे काही सुटले, असे पुण्यातील संशोधकांचे म्हणणे होते. पण दुसरी बाजूही पाहावी. ज्या दप्तराची दारे अभ्यासकांना अनेक दशके बंद होती, त्यातील हजारो कागद पाच वर्षांत सर्वांच्या हाती आले. महाभारताचे काम सत्तेचाळीस वर्षे चालले, कारण त्याचे स्वरूपच तसे होते. पेशवे दप्तराचे काम पाच वर्षांत उरकले, कारण पैसा आणि मुदत तेवढीच होती. कोणते काम किती बारकाईने करावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे आधी ठरविणे हीदेखील कारभाराची विद्या आहे. सरदेसायांना ती राजवाड्यातील छत्तीस वर्षांच्या नोकरीने शिकविली असावी, असे मला वाटते. हा तिसरा धडा.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो मोठ्या माणसाच्या आयुष्यातूनच उभा राहतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि पेट्यांतून कागद गोळा केले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. त्यांना कोणते अनुदान होते आणि कोणता कारकून होता? आपल्या चिपळूणजवळच्या परशुरामचे पांडुरंग वामन काणे यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला खंड १९३० मध्ये आणि शेवटचा १९६२ मध्ये निघाला, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. मग संशोधनाला कारभारी हवा कशाला? शिवाय पैसा आला की पैसे देणाऱ्याचा हुकूम येतो, आणि हुकूम आला की विद्येचा कणा वाकतो, ही भीतीही खोटी नाही.

या आक्षेपाचे उत्तर त्याच माणसांच्या चरित्रात आहे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्याच्या संस्थापकांत राजवाडेच होते. एकट्या माणसाचे कागद एकट्या माणसाबरोबर नाहीसे होतात हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल? १९२६ च्या अखेरीस ते धुळ्याला वारले आणि त्यांच्या मागे तेथे त्यांच्या नावाचे मंडळ उभे राहिले, म्हणून त्यांची दप्तरे वाचली. काण्यांचा ग्रंथ त्यांच्या एकट्याचा खरा, पण तो छापला भांडारकर संस्थेने. बत्तीस वर्षे एका ग्रंथाचे खंड काढीत राहणे हे प्रकाशक संस्थेच्याही चिकाटीचे काम आहे. ऋषी एकटा तप करतो, पण आश्रम चालविण्यास समिधा आणणारे हात लागतात. हुकूमशाहीच्या भीतीबद्दल म्हणाल तर, नियम जाणणारा कारभारी हाच तिच्यावर उतारा आहे. ज्याला नियम ठाऊक नसतात तो प्रत्येक पत्राला घाबरतो. ज्याला ते ठाऊक असतात तो संशोधकाला सांगू शकतो की, येथपर्यंत तुम्ही मोकळे आहात.

तरीही एक गोष्ट बदलली आहे. भांडारकर, गोडे, सरदेसाई यांना हे काम कोणी शिकविले नाही. ते फडावरच्या उमेदवारासारखे करता करता शिकले. त्या काळी दाते थोडे, अटी थोड्या आणि काम संथ होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर सरकारांनी विद्यापीठांत संशोधनासाठी पैसा ओतावयास सुरुवात केली. अमेरिकेत १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन निघाले. लवकरच तेथील विद्यापीठांना दिसून आले की अर्ज आणि हिशेब सांभाळणे हे प्राध्यापकाच्या फावल्या वेळचे काम राहिलेले नाही. १९५९ मध्ये तेथे विद्यापीठीय संशोधनाच्या प्रशासकांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. एक व्यवसाय म्हणून या कामाला तेव्हापासून नाव, परिषद आणि प्रशिक्षणवर्ग मिळाले. पुढे ब्रिटन आणि इतर देशांतही अशा संघटना निघाल्या.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान मंडळ १९५३ मध्ये सुरू झाले आणि १९५६ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. अनुदान देणारे खाते आपण असे लवकर उभारले. पण अनुदान सांभाळणाऱ्या माणसाला शिकविण्याचा विचार फार उशिरा आला. इंडिया अलायन्स या संस्थेने २०१८ मध्ये भारतातील संशोधन व्यवस्थापनाच्या वाढीसाठी एक उपक्रम हाती घेतला, तो या दिशेचा महत्त्वाचा प्रयत्न होय. दरम्यान पैशाचे आकडे वाढले. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करण्याचे उद्दिष्ट त्यापुढे ठेवण्यात आले, आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यावयाचा आहे. म्हणजे पुन्हा अनेक दारे आणि प्रत्येक दाराचे वेगळे नियम.

या कामात शिकण्यासारखे असते तरी काय? त्याचे दोन भाग पडतात. पहिला मंजुरीपूर्वीचा. कोणती योजना कोणत्या कामाला लागू पडते ते पाहणे, अर्जातील खर्चाचा अंदाज खरा आणि पुरेसा करणे, नीतिविषयक समितीची संमती लागत असेल तर ती आधी मिळविणे, मुदत सांभाळणे. दुसरा मंजुरीनंतरचा. यंत्राची खरेदी नियमाने करणे, संशोधन साहाय्यकाची नेमणूक वेळेवर करणे, प्रत्येक शीर्षाखालचा खर्च त्याच शीर्षाखाली दाखविणे, आणि वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र देणे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत या प्रमाणपत्राचा नमुनाच ठरवून दिला आहे. ते गेले नाही तर पुढचा हप्ता येत नाही. हप्ता आला नाही की साहाय्यकाचा पगार थांबतो. पगार थांबला की तो दुसरीकडे जातो आणि दोन वर्षे घेतलेल्या नोंदी तिसऱ्या वर्षी तुटतात. प्रयोगशाळेत काहीही न चुकता संशोधन बुडते. एका न भरलेल्या कागदाची पोच येथवर असते.

रत्नागिरीला हा प्रश्न दूरचा नाही. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, झाडगावला सागरी जीवशास्त्राचे केंद्र आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. गोगटे जोगळेकर महाविद्यालयासारख्या संस्थेत पदव्युत्तर विभाग आहेत. आंब्यावरचा तुडतुडा, नारळाची जात, समुद्रातील मासळीचे घटते प्रमाण, कातळावरची खोदचित्रे, या सर्वांवर येथेच काम व्हावयास हवे, आणि ते दिल्लीच्या किंवा मुंबईच्या विद्यापीठापेक्षा येथे चांगले होईल. पण मोठ्या विद्यापीठात अर्जासाठी एक कचेरी असते. छोट्या महाविद्यालयात प्राध्यापकच अर्ज लिहितो, तोच दरपत्रके मागवितो, तोच लेखापरीक्षकासमोर बसतो, आणि कार्यालयातील ज्या लिपिकाकडे ती फाईल जाते त्याच्याकडे परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे आणि पगाराचे कामही असते. तो आळशी नसतो. त्याला हे काम कोणी शिकविलेलेच नसते. अशा ठिकाणी पुष्कळ प्राध्यापक मग अर्जच करीत नाहीत. न केलेल्या अर्जाची नोंद कोठेही राहत नाही, म्हणून हे नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. जिल्ह्यातील संस्थांनी मिळून एकदोन माणसे निवडावी आणि त्यांना या कामाचे रीतसर शिक्षण द्यावे. मग त्यांनी सर्वांची कामे पाहावी. एका महाविद्यालयाला जे झेपत नाही ते दहा महाविद्यालयांना मिळून झेपते. शिकविताना तीन गोष्टी विसरू नयेत. भांडारकरांप्रमाणे जाबाचा कागदही विद्येच्या दर्जाचा असावा. सरदेसायांप्रमाणे मुदत आणि व्याप्ती आधी आखावी. आणि गोड्यांप्रमाणे कारभाऱ्याने निदान एकदा तरी स्वतः संशोधन करून पाहावे, पोथी असो वा प्रयोगशाळा. नियमांचे पुस्तक पाठ असलेला पण संशोधन न कळणारा मनुष्य त्या जागी बसला तर तो संशोधकाचा मालक होईल, आणि मग आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरेल.

या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेच्या मंडळावर आहेत, कोणी बँकेतून किंवा सरकारी लेखाखात्यातून निवृत्त झालेले आहेत. हिशेबाची विद्या या गावात मुबलक आहे. १८२८ पासून वाचनालय चालविणारे हे गाव आहे, आणि पिढ्यानपिढ्या वाचनालय चालते ते नोंदवही नीट ठेवणाऱ्यांमुळेच. तेव्हा पुढील वर्षी आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत एवढाच प्रश्न विचारावा की, गेल्या वर्षी संशोधनासाठी किती अर्ज गेले, आणि जे गेले नाहीत ते कशामुळे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणा एकावर सोपविली, तर देवरुखच्या गोड्यांचे काम करणारा मनुष्य या जिल्ह्यात पुन्हा उभा राहील. त्याचे नाव मुखपृष्ठावर नसले तरी प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदापर्यंत आपण वाचीत जावे, एवढे तरी आपल्याला करता येण्यासारखे आहे.